अनोळखी रोपट्याची ओळख

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत एक लहानशी गोष्ट आहे; ती बहुतेक वाचक घाईनें वाचून पुढें जातात. देशांत दुष्काळ पडला होता. गिलगाल येथें अलीशा संदेष्ट्यापुढें शिष्यमंडळी बसली होती व त्यांच्यासाठीं मोठें भांडें चुलीवर चढविलें होतें. त्यांपैकीं एक जण पाला खुडावयास रानांत गेला. तेथें त्यास एक रानवेल आढळला. त्याचीं फळें त्यानें ओटीभर तोडून आणिलीं व चिरून भांड्यांत टाकिलीं. तीं कशाचीं आहेत हें कोणासच ठाऊक नव्हतें. पहिला घास तोंडांत जातांच सर्वांनीं ओरड केली. अलीशानें पुढें काय केलें तें शब्बाथशाळेंतील मुलेंही सांगतील. आज आपणांस विचार करावयाचा आहे तो रानांत गेलेल्या त्या भल्या माणसाचा. त्याचा हेतु वाईट नव्हता. घरांत भूक होती, वेल हिरवागार होता, आणि फळें गोल, गुळगुळीत, पाहतांच हातांत घ्यावींशीं वाटणारीं होतीं.

तीं फळें इंद्रावणाचीं असावींत असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. इंद्रावण आपल्या देशांतही कोरड्या व रेताड जमिनींत पसरतें. त्याचें पान कलिंगडाच्या पानासारखें कातरलेलें, व फळही लहानग्या कलिंगडासारखें दिसतें. कारण तीं दोन्हीं एकाच कुळांतलीं, सख्खीं भावंडें आहेत. वैद्यलोक इंद्रावण जुलाबासाठीं देत आले आहेत, परंतु तें अगदीं थोड्या मानानें. भाजीप्रमाणें वाटीभर खाल्लें तर आंतड्यांतून रक्त पडतें. काकडी, दोडका व दुध्या यांच्या कुळांत जो कडूपणा कधीं कधीं उतरतो, तो ह्याच जातीच्या विषाचा होय. दुध्याचा रस कडू लागल्यास तो मुळींच पिऊं नये, असा इशारा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें नेमिलेल्या तज्ज्ञांनीं दिला आहे. तरीही 'कडू तें औषधी' असें म्हणून तो गिळणारे लोक आपल्यांत आहेतच.

ही गोष्ट मला गेल्या भाद्रपदांत पुन्हां आठवली. मावळांतील एका खेड्यांत मी उपासनेसाठीं गेलों होतों. उपासना आटोपल्यावर मंदिरामागच्या पडक्या भिंतीपाशीं चार मुलें भातुकली मांडून बसलेलीं दिसलीं. करवंटींत कसल्याशा हिरव्या शेंगा सोलून दाणे काढिले होते, आणि चारएक वर्षांची एक मुलगी तो 'वाटाणेभात' आपल्या धाकट्या भावाच्या तोंडाशीं नेत होती. मीं करवंटी तिच्या हातांतून काढून घेतली व विचारिलें, "हें कशाचें, बाळ?" ती म्हणाली, "टाकळ्याचं."

तो टाकळा आहे कीं नाहीं, हें मला सांगतां येईना. वाचकांनीं हंसावें तर हंसावें. सेमिनरींत असतांना ग्रीक क्रियापदाचें रूप पाहून त्याचा काळ व पुरुष ओळखावयास मी शिकलों. परंतु ज्याची भाजी लहानपणापासून खात आलों तें रोप समोर उभें असतां मीं तें ओळखिलें नाहीं. ताटांत शिजून आलेला टाकळा मला ठाऊक होता, भिंतीपाशीं उभा असलेला ठाऊक नव्हता. इतक्यांत मुलांची आजी ओसरीवरून उठून आली. तिला दोन हातांवरचें माणूस नीट दिसत नाहीं. तिनें शेंगेला हातही लाविला नाहीं, एक पान खुडून बोटांत चुरगळलें, नाकाशीं नेलें व म्हणाली, "पाळकसाहेब, ह्यो टाकळा न्हवं, कासविंदा हाय. कसा घाण मारतुया बघा!" मग चांचपडत चार पावलें पुढें जाऊन तिनें खऱ्या टाकळ्याची एक डहाळी आणिली व दोन डहाळ्या माझ्या दोन हातांत दिल्या. ह्या विषयावरील माझा पहिला धडा तो.

ह्या दोन रोपांचा भेद वाचकांनीं नीट समजून घ्यावा. दोहोंचीं फुलें पिवळीं व पांच पाकळ्यांचीं असतात, म्हणून फुलांवरून नवख्यास निवाडा होत नाहीं. पान पाहावें. टाकळ्याच्या एका देठावर बहुधा तीन जोड्या असतात, आणि टोंकाची जोडी सर्वांत मोठी. प्रत्येक पानोळी टोंकाशीं रुंद व गोल, बुडाशीं निमुळती असते. खालच्या जोड्यांच्या मध्यें देठावर एक बारीकशी उभी गांठ दिसते. सायंकाळीं ह्या जोड्या हात जोडल्याप्रमाणें मिटतात. कासविंद्याच्या देठावर चार, पांच, कधीं सहाही जोड्या असून प्रत्येक पानोळी भाल्यासारखी अणकुचीदार असते. आणि ती गांठ पानोळ्यांमध्यें नसून देठाच्या अगदीं बुडाशीं असते. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, दाभणासारखी बारीक व कोयत्यासारखी वांकडी. कासविंद्याची शेंग तिच्याहून आखूड, रुंद, चपटी व फिक्या कडांची. टाकळा गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत वाढतो. कासविंदा कमरेच्या वर जातो. आणि शेवटीं आजीची खूण: टाकळ्यासही थोडा उग्र वास आहे, परंतु कासविंद्याच्या दुर्गंधीपुढें तो कांहींच नव्हे.

हा भेद न कळल्यानें काय होतें, तें आपल्याच देशांत घडलेलें आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत, बिजनौर, सहारनपूर वगैरे जिल्ह्यांत, पावसाळा ओसरला कीं दरसाल गरिबांचीं लहान मुलें एकाएकीं आजारी पडत. आधीं उलट्या, मग बेशुद्धि व आंचके, आणि थोड्याच दिवसांत बहुतेकांचा मृत्यु. हा विषाणूचा मेंदूज्वर आहे असें पुष्कळ वर्षें मानिलें गेलें. बिजनौर येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ व त्यांचे सहकारी ह्यांस त्याविषयीं शंका आली. कारण ह्या मुलांचा मेंदूच नव्हे, तर यकृत व स्नायुही बिघडलेले आढळत. त्यांनीं आईबापांपाशीं बसून मुलांनीं काय खाल्लें ह्याची बारकाईनें चौकशी केली, आणि इ. स. २००७ मध्यें त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खेळतां खेळतां मुलांनीं कासविंद्याच्या शेंगांतील दाणे खाल्ले होते. पुढें इ. स. २०१६ मध्यें ओडिशांतील मलकानगिरी जिल्ह्यांत मुलें दगावूं लागलीं, तेव्हां तेथेंही तज्ज्ञांचें लक्ष ह्याच रोपाकडे गेलें. रोगाचें कारण सांपडेपर्यंत लोक हवेंत व पाण्यांत शोधीत होते, आणि तें घराच्या कुंपणापाशीं पिवळीं फुलें घेऊन उभें होतें. कारण कळल्यावर उपाय साधा होता: आईबापांस रोप दाखविणें व तें उपटून टाकणें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर अन्याय होईल. कासविंदा हा आयुर्वेदांतील कासमर्द होय. खोकल्यावर त्याचा उपयोग फार जुना आहे, आणि भाजलेल्या बियांचें कॉफीसारखें पेयही पुष्कळ देशांत करितात. धोका आहे तो कच्चे, हिरवे दाणे लहान मुलाच्या पोटांत जाण्यांत. रोप तेंच, परंतु त्याचा कोणता भाग, कोणत्या वेळीं, किती व कोणाच्या पोटांत, ह्यावर सर्व अवलंबून असतें. म्हणून 'हें विषारी' किंवा 'हें चांगलें' एवढीच माहिती अपुरी समजावी.

आतां अनोळखी रोप कोठेंही आढळलें तर काय पाहावें? पहिली गोष्ट, जिभेला लावूं नये. चव घेऊन ओळखण्याची रीत ज्यांनीं सांगितली तीं माणसें जगलीं म्हणून सांगूं शकलीं. हात लावून, चुरगळून, वास घेऊन पाहण्यास सहसा हरकत नाहीं. मात्र चीक निघाल्यास ते हात डोळ्यांस लावूं नयेत, कारण रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो. चिकाचा रंगही एक मोठी खूण आहे. रुईचा पांढरा, आणि पिवळ्या धोत्र्याचा हळदीसारखा पिवळा.

मग पान. येथें बहुतेक लोक चुकतात, व मीही चुकलों होतों. आपण ज्यास एक पान म्हणतों तें पुष्कळदां पानाचा एक तुकडा असतो. कडुनिंब, शेवगा, चिंच, टाकळा ह्यांचें खरें पान म्हणजे मधल्या देठासह तो सर्व पसारा होय. हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. जेथें पान फांदीस चिकटलें असतें तेथें त्या बगलेंत एक इवलासा कोंब असतो. पानोळीच्या बगलेंत कोंब नसतो. कोंब शोधिला म्हणजे पान कोठून सुरू होतें तें कळलें. नंतर पानें फांदीवर कशीं लागलीं आहेत तें पाहावें: तुळशीसारखीं समोरासमोर, जास्वंदीसारखीं एकाआड एक, किंवा सातवणासारखीं एका ठिकाणीं वर्तुळांत. तुळशीची कोवळी डहाळी बोटांत फिरवून पाहा. ती गोल नसून चौकोनी लागेल. डोळे मिटूनही ही खूण सांपडते, आणि पुदीना, सब्जा वगैरे त्या कुळांतील मंडळींतही ती आढळते.

फूल व फळ येईपर्यंत थांबावयास मिळालें तर निकाल बहुधा पक्का होतो. गव्हांतलें निदण ओंबी येईपर्यंत कोणास उमगलें नाहीं असें मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे, तें शेतकऱ्याच्या नित्याच्या अनुभवाचें आहे. ज्यास निदण समजतात तें गवत पानावरून गव्हासारखेंच दिसतें. ओंबी बाहेर पडली म्हणजे मात्र लहान मूलही तें निराळें काढील. रोप कोठें उगवलें हेंही टिपून ठेवावें. उकिरड्यावर, ओढ्याकांठीं, कातळावर, भाताच्या बांधावर, प्रत्येक ठिकाणची वस्ती ठरलेली असते. घराच्या बागेंत जें आपोआप उगवतें तें पुष्कळदां खतांतून, पाखरांच्या विष्ठेंतून किंवा बियाण्याच्या पिशवींतून आलेलें असतें.

ह्यावरून श्रीरामपूरच्या विल्यम केरी ह्यांची गोष्ट आठवते. केरी हे इ. स. १७९३ मध्यें बंगाल्यांत आले. आपल्या मराठी भाषेचें व्याकरण त्यांनीं इ. स. १८०५ मध्यें छापिलें हें अनेकांस ठाऊक असेल. परंतु ते नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते व त्यांची बाग दूरवर प्रसिद्ध होती, हें थोड्यांस ठाऊक असतें. एकदां इंग्लंडांतील एका मित्रानें त्यांस बियाणें पाठविलें. बिया काढून घेतल्यावर कांहीं वांया जाऊं नये म्हणून त्यांनीं ती पिशवी बागेच्या सांवलींतल्या एका कोपऱ्यांत झटकिली. थोड्या दिवसांनीं तेथें एक अनाहूत रोप उगवलें, आणि केरींनीं तें तात्काळ ओळखिलें. तें त्यांच्या लहानपणच्या कुरणांतलें डेझीचें फूल होतें. बंगालच्या मातींत तें पुन्हां भेटल्यानें त्यांस किती आनंद झाला हें त्यांनीं त्या मित्रास लिहिलें. दुसऱ्या कोणी तें तण म्हणून उपटलें असतें.

नांवाच्या बाबतींत फार सावध राहावें. टाकळ्यास विदर्भांत तरोटा म्हणतात. तेथें नांवें दोन, रोप एक. ह्यानें नुकसान होत नाहीं. उलट प्रकार मात्र घातक असतो. हिमालयांतल्या जहाल विषाच्या मुळास बचनाग म्हणतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यांत झुडपांवर चढणाऱ्या कळलावीसही पुष्कळ ठिकाणीं बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात. दोहोंचा कांहीं संबंध नाहीं, दोन्ही मारक आहेत. कळलावीचें फूल ज्वाळेसारखें लाल-पिवळें असल्यानें फुलल्यावर ती चुकत नाहीं. फूल नसतांना पानाचें टोंक पाहावें; तें लांबून गोफासारखें वळलेलें असतें व त्याच्याच आधारानें ती वर चढते. तिचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. खाण्याचा कंद समजून तो उकडून खाल्ल्यानें माणसें मेलीं आहेत.

तसेंच धोत्रा व पिवळा धोत्रा. पहिल्याचें फूल कर्ण्यासारखें एकसंध. दुसऱ्याचें सुट्या, कागदासारख्या पातळ पाकळ्यांचें, पानें कांटेरी व शिरांवर पांढरट. पिवळा धोत्रा मूळचा मेक्सिको देशचा. त्याच्या काळ्या बिया मोहरींत मिसळल्या तर सहज ध्यानांत येत नाहींत. इ. स. १९९८ मध्यें दिल्लींत असें भेसळीचें तेल विकलें गेलें; अंगावर सूज येऊन साठांहून अधिक माणसें मेलीं. मोहरी निवडतांना चार दाणे तळहातावर घेऊन उजेडांत पाहावे. मोहरीचा दाणा बहुतेक गोल व वरून साधा दिसतो. पिवळ्या धोत्र्याचा खडबडीत, जाळीदार व एका बाजूस किंचित् टोंक आलेला असतो.

वडील माणसांस विचारावें हा उपाय उत्तम, तथापि त्यासही मर्यादा आहे. गाजर गवत इ. स. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नोंदलें गेलें. आजोबांच्या आजोबांनीं तें पाहिलेंच नव्हतें, मग त्यांच्याकडून खूण कशी मिळणार? पान गाजराच्या पानासारखें म्हणून त्यास हें नांव पडलें. तें गाजराच्या कुळांतलें नसून सूर्यफुलाच्या कुळांतलें आहे. गाजराचें फूल उघड्या छत्रीसारखें पसरतें. ह्याचीं फुलें तांदळाच्या कणीसारखीं पांढरीं, गुच्छागुच्छांनीं येतात. अंगास लागल्यास पुष्कळांस खाज व फोड येतात, म्हणून उपटतांना हातांस फडकें गुंडाळावें व फुलें येण्यापूर्वीं उपटावें.

नांवांचा हा घोटाळा मिटविण्यासाठींच लिनिअस ह्या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५३ च्या आपल्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें लॅटिन नांव दिलें. टाकळा 'सेना टोरा', कासविंदा 'सेना ऑक्सिडेंटॅलिस'. जुन्या पुस्तकांत 'सेना' च्या जागीं 'कॅसिया' असें आढळेल. परंतु लॅटिन नांवांमागेंही आपल्याच लोकांची ओळख उभी आहे हें विसरूं नये. मलबारच्या वनस्पतींवरील जो बारा खंडांचा ग्रंथ इ. स. १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅम येथें छापिला गेला, त्याच्या कामीं इट्टी अच्युतन् वैद्य आणि रंगभट्ट, विनायक पंडित व अप्पू भट्ट हे तीन कोंकणी ब्राह्मण साहाय्यक होते, आणि त्यांतील चित्रांवर नागरी अक्षरांतही नांवें खोदलेलीं आहेत.

हल्लीं मोबाइलनें पानाचें चित्र काढिलें कीं तो यंत्रमित्र क्षणांत नांव सांगतो. मी त्याचा उपयोग करितों. पुस्तकांत कोठें शोधावें ह्याचा अंदाज त्यावरून मिळतो. परंतु त्याच्या भरंवशावर भाजी चिरूं नये. त्यास वास येत नाहीं, देठाच्या बुडाशींची गांठ त्यास चित्रांत दिसत नाहीं. ज्यांस खरी खात्री पाहिजे त्यांनीं फूल, फळ व शक्य तर मुळासह डहाळी घ्यावी, जुन्या वर्तमानपत्राच्या घडींत पसरून वर दगड ठेवावा, आणि कागद दररोज बदलावा. नाहींतर पावसाळ्यांत बुरशी येते. सोबत चिठ्ठी असावी: गांव, तारीख, जमीन कशी, उंची किती, फुलाचा रंग कोणता. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो लिहिलाच पाहिजे. असे नमुने जवळच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांस दाखवावे. पुण्यांत भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचें पश्चिम विभागाचें केंद्र आहे, आणि मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयांत ब्लॅटर ह्यांच्या नांवाचा मोठा शुष्कवनस्पति-संग्रह आहे. तेथें शेंकडों गांवच्या डहाळ्या अशाच कागदांवर जपून ठेविल्या आहेत.

आणि जर कोणीं अनोळखी कांहीं खाल्लेंच, तर मिठाचें पाणी पाजून ओकविण्याच्या खटपटींत वेळ दवडूं नये. झाडपाल्याचा उताराही शोधीत बसूं नये. तात्काळ दवाखाना गांठावा, आणि जें खाल्लें त्याची डहाळी, शेंगेसह, पिशवींत घालून बरोबर न्यावी. डॉक्टरांस ती हजार शब्दांच्या हकीकतीहून अधिक उपयोगी पडते.

त्या मुलीच्या भावाच्या तोंडांत त्या दिवशीं दाणा गेला नव्हता; आजीनें त्याचें तोंड उघडून बोट फिरवून खात्री करून घेतली. मग तिनें भिंतीपाशींचा सगळा कासविंदा मुलांकडूनच उपटविला व खड्ड्यांत पुरविला. उपटण्यापूर्वीं मीं एक डहाळी मागून घेतली. ती टाकळ्याच्या डहाळीशेजारीं वाळवून पुठ्ठ्यावर शिवली आहे, आणि येत्या आषाढापासून खेड्यांच्या फेरींत तो पुठ्ठा माझ्या पिशवींत राहील. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मागावा. आणि आपापल्या गांवीं ह्या दोन रोपांस काय म्हणतात तें मला सांगावें, म्हणजे तींही नांवें त्याखालीं लिहून ठेवितां येतील.